चार गुणांनी उघडलेले दार

वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात, कधी कधी चार ओळींची एक बातमी असते. मथळा असतो ‘भारत पात्र’. क्रिकेटच्या धावफलकाखाली ती इतकी दबलेली असते की नजर तिच्यावरून सरळ पुढे जाते. मार्च २०२५ मध्ये अशीच एक बातमी आली होती. बहारीनची राजधानी मनामा येथे भारताच्या पुरुष बास्केटबॉल संघाने यजमान बहारीनला ८१-७७ असे हरवले आणि आशिया चषकात प्रवेश मिळवला. पाचच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सौदी अरेबियातील जेद्दा येथे मुख्य स्पर्धा झाली. तिथे भारत जॉर्डन, चीन आणि सौदी अरेबिया या तिघांकडूनही हरला. ओळखीच्या एका गृहस्थांनी मला विचारले, “काय हो, तीनही हरायचे होते तर पात्र होऊन मिळवले काय?”

प्रश्न चुकीचा नाही. बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न येतो. मी येरवड्यात राहतो आणि गेली बरीच वर्षे संध्याकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवतो. त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी भेटतो, फक्त वेगळ्या शब्दांत. मुलांचे पालक विचारतात, “सर, हा खेळ खेळून पुढे काय?” माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, आणि ते म्हणजे पात्रता फेरी. म्हणून आज या पात्रता फेरीविषयीच थोडे बोलायचे आहे.

आपल्याला क्रिकेटची सवय. कसोटी खेळणारे देश बारा. विश्वचषक आला की भारत त्यात असणारच, हे आपण धरून चालतो. पात्रता ही आपल्या मनात दुसऱ्या कुणाची तरी काळजी असते. बास्केटबॉलचे तसे नाही. १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकाने थंडीत मुलांना घरातल्या घरात खेळता यावे म्हणून भिंतीला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. तिथून वायएमसीए या संस्थेच्या हाताला धरून हा खेळ जगभर गेला. आपल्याकडेही तो त्याच वाटेने आला. आज ‘फिबा’ या जागतिक संघटनेचे सभासद देश दोनशेहून अधिक आहेत. एवढ्या सगळ्यांना एका स्पर्धेत घेणे शक्य नाही. विश्वचषकात जागा ३२, ऑलिंपिकमध्ये फक्त १२. मग उरलेल्यांचे काय? तर उरलेल्यांसाठी पात्रता फेरी हीच खरी स्पर्धा. जगातले बहुसंख्य देश त्यांचे महत्त्वाचे बास्केटबॉल तिथेच खेळतात. भारत त्यांपैकी एक आहे.

पूर्वी पद्धत अशी होती की आठ-दहा दिवसांची एक स्पर्धा कुठल्या तरी एका शहरात व्हायची आणि तीच वरच्या स्पर्धेची पात्रता ठरायची. पुणेकरांना आठवत असेल, २००९ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सोळा वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धा झाली होती. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये होणाऱ्या सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेचे दार त्या स्पर्धेतून उघडणार होते. म्हणजे एका जागतिक स्पर्धेचा उंबरठा आपल्या पुण्यातच होता.

पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांसाठी २०१७ च्या नोव्हेंबरपासून पद्धत बदलली. आता फुटबॉलसारखे चालते. चार-चार देशांचे गट पडतात. प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या घरी आणि एकदा त्याच्या घरी. हे सामने सलग होत नाहीत. त्यांच्यासाठी ठरावीक दिवस राखून ठेवलेले असतात. त्या दिवसांत संघ जमतो, दोन सामने खेळतो आणि पुन्हा पांगतो. पुढचे सामने काही महिन्यांनी. यात एक फायदा असा की आपल्या देशातल्या प्रेक्षकांना आपला संघ प्रत्यक्ष बघायला मिळतो. बंगळूर आणि चेन्नई इथे असे सामने झाले आहेत.

आता २०२५ च्या आशिया चषकाचा हिशेब पाहा. एकूण देश २४, गट सहा. प्रत्येक गटातले पहिले दोन थेट आत, म्हणजे १२ झाले. मुख्य स्पर्धेत जागा १६. राहिल्या चार. या चार जागांसाठी सहा गटांतले सहा तिसऱ्या क्रमांकाचे संघ पुन्हा झगडणार. भारताच्या गटात इराण, कतार आणि कझाकस्तान होते. इराण आणि कतार पुढे गेले. भारताने नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईत कझाकस्तानला हरवले होते. भारत तिसरा राहिला आणि कझाकस्तान चौथा. चौथ्याचा प्रवास तिथेच संपला, तिसऱ्याला आणखी एक संधी मिळाली.

ती संधी म्हणजे मनामाची स्पर्धा. तिथे गट तीनच देशांचा, भारत, इराक आणि बहारीन. तिघांतले दोघे आत जाणार आणि एक बाहेर राहणार. बहारीन तर स्वतःच्या घरात खेळत होता. तिथे भारताने ८१-७७ हा सामना काढला. शेवटी भारत आणि इराक जेद्दाला गेले आणि यजमान बहारीनला घरीच बसावे लागले. चार गुण म्हणजे दोन बास्केट, फार तर एक तीन गुणांची आणि एक फाऊलची. तेवढ्याच फरकाने हा सामना आपल्याकडे झुकला.

पात्रता फेरी समजून घ्यायची तर तिचा हिशेब समजला पाहिजे. आमच्या मुलांना मी तो असा सांगतो. समजा, येरवड्यातल्या तीन संघांची स्पर्धा आहे, लक्ष्मीनगर, नागपूर चाळ आणि फुलेनगर. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे आणि दोघांनी पुढे जायचे. पहिला सामना लक्ष्मीनगर विरुद्ध नागपूर चाळ. दोन मिनिटे उरलेली असताना नागपूर चाळ एकाच गुणाने मागे आहे. पण एक बास्केट चुकते, पोरे एकमेकांवर चिडतात, मान खाली घालतात आणि सामना ६०-५० असा दहा गुणांनी जातो. दुसऱ्या दिवशी नागपूर चाळ फुलेनगरला ५५-५२ असे हरवते. तिसऱ्या दिवशी फुलेनगर लक्ष्मीनगरला ५८-५४ असे हरवते. आता तिघांचेही एक विजय, एक पराभव.

फिबाच्या पद्धतीत जिंकणाऱ्याला दोन गुण आणि हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो. मैदानावर न उतरणाऱ्याला मात्र शून्य. मला हा नियम फार आवडतो. हरलात तरी खेळलात याची नोंद होते. पण इथे तिघांचेही गुण तीन-तीन. मग बघायचे, आपापसांतल्या सामन्यांत कुणी किती गुण जास्त केले. लक्ष्मीनगर एकदा दहाने जिंकले, एकदा चारने हरले, म्हणजे अधिक सहा. फुलेनगर चारने जिंकले, तीनने हरले, म्हणजे अधिक एक. नागपूर चाळ तीनने जिंकली, दहाने हरली, म्हणजे उणे सात. नागपूर चाळ बाहेर.

आता गंमत बघा. पहिल्या सामन्यात त्या शेवटच्या दोन मिनिटांत नागपूर चाळीने दम धरला असता आणि सामना एकाच गुणाने हरला असता, तर? लक्ष्मीनगरचा हिशेब उणे तीन झाला असता, फुलेनगर अधिक एकवर तसेच राहिले असते आणि नागपूर चाळ अधिक दोनवर जाऊन पहिली आली असती. जिंकलेले लक्ष्मीनगर बाहेर गेले असते. म्हणजे हरलेल्या सामन्यातसुद्धा शेवटच्या भोंग्यापर्यंत धावायचे असते. किती गुणांनी हरलो यावरही पुढचे अवलंबून असते. आमची मुले हा हिशेब खडूने कोर्टावर मांडतात आणि मग त्यांना एक गोष्ट कळते, की पात्रता फेरीत ‘आता काय, गेला सामना’ असे म्हणायची सोय नसते.

दूरचित्रवाणीवर बास्केटबॉल बघताना पुष्कळांना कंटाळा येतो तो शेवटच्या दोन मिनिटांचा. घड्याळात दोन मिनिटे आणि प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटे जातात. मागे असलेला संघ मुद्दाम फाऊल करतो. त्याचे कारण असे. चेंडू हातात आला की चोवीस सेकंदांच्या आत बास्केटकडे चेंडू टाकावा लागतो. पुढे असलेला संघ ते चोवीस सेकंद पुरेपूर वापरून घड्याळ संपवायला बघतो. फाऊल केला की घड्याळ थांबते. समोरच्याला फ्री थ्रो मिळतात, ते चुकू शकतात आणि चेंडू आपल्याकडे येऊ शकतो. हा सगळा वेळ विकत घेण्याचा व्यवहार आहे. एरवी या खेळाला चाळीस मिनिटे असतात, दहा-दहाचे चार भाग. बरोबरी झाली तर पाच मिनिटे जादा. निकाल लागेपर्यंत जादा वेळ देतच राहायचे. इथे बरोबरी नावाचा निकाल नाही.

आता थोडे मागे जाऊ. भारतीय पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच खेळला आहे, १९८० मध्ये मॉस्कोला. पुष्कळांना हे माहीतही नसते, कारण त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि बाकी सगळे झाकले गेले. पण मॉस्कोला आपण गेलो कसे? अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या म्हणून अमेरिकेने बहिष्कार पुकारला आणि अनेक देश आले नाहीत. जागा रिकाम्या पडल्या आणि त्यातली एक भारताला मिळाली. पहिली गाठ यजमान सोव्हिएत संघाशी. निकाल १२१-६५. पुढचे सर्व सामनेही भारत हरला आणि बारा संघांत बारावा आला.

त्या खेळाडूंना कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. ते त्या काळचे देशातले उत्तम खेळाडू होते. त्याआधी पाचच वर्षे, १९७५ च्या आशियाई स्पर्धेत बँकॉकला भारत चौथा आला होता. आजवरची ती आपली सर्वोत्तम कामगिरी. आपल्या महाराष्ट्राचाही त्या काळच्या बास्केटबॉलमध्ये मोठा वाटा होता. मुंबईच्या नागपाड्यात, दाटीवाटीच्या वस्तीत, संध्याकाळी दिव्यांखाली खेळून तयार झालेले अब्बास मुंतसीर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला होता. सांगायचे ते इतकेच, की मॉस्कोचे दार आपल्यासाठी दुसऱ्याने उघडले होते. मनामाचे दार आपण स्वतः ढकलले. दोन्ही ठिकाणी पुढे जाऊन आपण हरलो. पण या दोन हरण्यांत फरक आहे.

तो फरक जेद्दात दिसला. जॉर्डनचा संघ विश्वचषक खेळलेला. त्याच्याविरुद्ध भारत शेवटच्या क्षणी तीन गुणांनी मागे होता आणि भोंगा वाजता वाजता भारताने तीन गुणांची बास्केट टाकून बरोबरी साधली. सामना जादा वेळेत गेला. शेवटी ९१-८४ असा जॉर्डनने जिंकला. निकालाच्या तक्त्यात तो पराभवच आहे. पण साठ-सत्तर गुणांनी हरणे कुठे आणि पाच मिनिटे जादा घेऊन हरणे कुठे!

मग वरच्या देशांशी आपले अंतर पडते कशामुळे? उंची हे एक कारण सगळेच सांगतात. बास्केटची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते, तेव्हा उंचीचा फायदा असणारच. पण ते एकच कारण नाही. फिबाच्या नियमानुसार, वयाच्या सोळाव्या वर्षानंतर ज्याने एखाद्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे असा एक खेळाडू प्रत्येक संघाला घेता येतो. आशियातले अनेक देश या नियमाचा उपयोग करतात. जॉर्डनकडे डार टकर आहे, फिलिपिन्सकडे जस्टिन ब्राउनली. दोघेही मूळचे अमेरिकन. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही आणि भारताकडून खेळायचे तर भारतीय पासपोर्टच लागतो, हे सरकारी धोरण २००८ पासून आहे. त्यामुळे परदेशात वाढलेली भारतीय वंशाची मुले आपल्या संघात सहसा दिसत नाहीत. हे धोरण योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण मनामात बहारीनला हरवणारा संघ इथल्याच मैदानांवर घडलेला होता, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरे कारण म्हणजे सामन्यांची कमतरता. आपले वरच्या दर्जाचे बहुतेक खेळाडू रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, पोलीस अशा ठिकाणी नोकरीला असतात. तिथे पगाराची शाश्वती मिळते, आणि ती मोठी गोष्ट आहे. पण वर्षभर चालणारी भक्कम व्यावसायिक लीग आपल्याकडे रुजली नाही. २०१५ ते २०१७ या काळात ‘यूबीए’ नावाची एक लीग चालली. तिच्यात ‘पुणे पेशवाज’ नावाचा आपल्या शहराचा संघही होता. ती बंद पडली. पुढे २०२२ मध्ये दुसरी लीग सुरू झाली. अशा अर्ध्यामुर्ध्या व्यवस्थेत खेळाडूला कठीण सामने मिळणार कुठे? तर आंतरराष्ट्रीय पात्रता फेरीत.

आणि इथे त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर येते. पात्र होऊन काय मिळवले? आशिया चषकात जे १६ देश पोचले, तेच १६ देश २०२७ च्या विश्वचषकाच्या आशियाई पात्रता फेरीत खेळणार, असा नियम होता. तो विश्वचषक कतारमध्ये आहे. म्हणजे मनामात भारत बाहेर पडला असता, तर फक्त जेद्दाचे तीन सामने गेले नसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतूनही आपण आधीच बाद झालो असतो. भारत त्या फेरीत लेबनॉन, कतार आणि सौदी अरेबिया यांच्या गटात आला. प्रत्येकाशी दोन, असे सहा सामने, त्यांतले तीन स्वतःच्या घरी. बहारीनला मात्र हे काहीच मिळाले नाही.

हे चक्र असेच फिरते. पात्र झालात तर बलवान संघांशी सामने मिळतात. सामने मिळाले तर संघ सुधारतो. सुधारला तर पुढच्या वेळी पात्र होण्याची शक्यता वाढते. आणि एकदा बाहेर पडलात की उलटे चक्र सुरू होते. सामने नाहीत, म्हणून शिबिर नाही. शिबिर नाही, म्हणून खेळाडू आपापल्या खात्याच्या स्पर्धा खेळत राहतात. काही वर्षांनी पुन्हा अगदी तळापासून, पूर्वपात्रतेच्या फेरीपासून, चढायला लागते. मधल्या काळात जो मुलगा अठरा वर्षांचा होता तो बावीस-तेवीस वर्षांचा होतो. त्याची उमेदीची वर्षे निघून जातात. चार गुणांची किंमत ही आहे.

पालकांच्या प्रश्नाकडे येतो. “पुढे काय?” मी त्यांना स्वप्ने विकत नाही. बास्केटबॉलमध्ये क्रिकेटसारखा पैसा नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि सेनादलात खेळाडूंची भरती होते, हे खरे. पण त्यासाठी राष्ट्रीय पातळीवर चमकावे लागते, आणि तिथे पोचणारे थोडेच. असे असले तरी आपल्याच शहरातली शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. वाट आहे. फक्त ती अरुंद आहे, हे आधी सांगितलेले बरे.

ती वाट थोडी रुंद करणे आपल्या हातात आहे. आमच्या भागातली मुले सिमेंटच्या कोर्टावर खेळतात. आंतरराष्ट्रीय सामना लाकडी जमिनीवर, छताखाली होतो. सिमेंटवर उड्या मारून गुडघे लवकर दुखू लागतात, आणि पावसाळ्यात चार महिने खेळ बंदच. शहरात बांधकामे इतकी होतात, पण वस्तीतल्या मुलांना रोज वापरता येईल असे छताखालचे कोर्ट मिळणे अजून दुर्मीळ आहे. मुलगा नववीत गेला की क्लासच्या वेळा आणि सरावाच्या वेळा एकमेकींवर येतात, आणि माघार नेहमी सराव घेतो. बहारीनविरुद्धचा सामना मनामात झाला, हे खरे. पण त्या दर्जाच्या सामन्याची तयारी अशाच गोष्टींपासून सुरू होते.

तेव्हा माझी वाचकांना एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी क्रीडापानाच्या खालच्या कोपऱ्यात ‘भारत पात्र’ किंवा ‘भारताची संधी हुकली’ अशी चार ओळींची बातमी दिसली, तर ती पूर्ण वाचा. किती गुणांनी हे बघा. गटात कोण होते ते बघा. पुढे कोणते सामने मिळाले किंवा गेले ते बघा. आणि घरात एखादा मुलगा किंवा मुलगी बास्केटबॉल खेळत असेल, तर ती बातमी त्याला वाचून दाखवा. त्या चार ओळींमध्ये त्याच्या पुढच्या चार वर्षांचा हिशेब असतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)